तीस शेळ्या, एकच रेघ

धाकटीचा त्या यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता. पन्नाशीला टेकली तरी घरात ती धाकटीच. जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं तिने एकाच जंतूचा पिच्छा पुरवला होता. हा जंतू आतड्यात ठाण मांडतो. जनावर खातं-पितं, तरी झिजत जातं, आणि लक्षात येईपर्यंत शेजारच्या चार जनावरांना लागण झालेली असते. लेंड्यांतून तो काचेच्या नळीत वाढवायचा म्हणजे महाआळशी पाहुण्याची वाट बघणं. पहिला ठिपका दिसायला तीन-तीन महिने लागत.

आणि हे यंत्र म्हणे नुसत्या वासावरून सांगणार! जंतू काही वाफा सोडतो, त्या लेंड्यांवरच्या हवेत उतरतात. यंत्र ती हवा ओढून घेतं आणि पडद्यावर चढउतारांची रेघ काढतं. ते चालवायला आलेला यंत्रवाला गोडबोल्या होता, म्हणून धाकटीला आणखीच संशय. तिने गुपचूप एकाच शेळीच्या लेंड्या दोन वेगवेगळ्या नंबरांनी त्याच्याकडे सरकवल्या.

तासाभराने तो म्हणाला, "मॅडम, बावीस आणि एकतीस एकाच जनावराचे आहेत का हो? रेघ हुबेहूब आहे."

"असतील. बघते," असं म्हणत तिने तोंड फिरवलं. पण त्या दिवसापासून ती यंत्राकडे जरा सांभाळून बघू लागली.

पुढच्याच आठवड्यात तिच्या थोरल्या बहिणीच्या कळपाच्या लेंड्यांच्या डब्या आल्या. तीस शेळ्या, तीस डब्या, अर्जावर दाजींची सही. दोन शेळ्या वाळत चालल्या होत्या, म्हणून दाजींनीच तपासणी मागितली होती. यंत्राचा निकाल आला: जंतू कुठेच नाही. धाकटीचा जीव भांड्यात पडला. पण पडदा बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली. तीसच्या तीस रेघा एकसारख्या होत्या.

"तुमचं यंत्र अडकलंय," ती म्हणाली.

यंत्रवाल्याने दुसऱ्या कळपाच्या दहा डब्या लावल्या. दहा रेघा, दहा तऱ्हा.

मग अडकलंय कोण? एका गोठ्यात एकच चारा खाल्ला, तरी तीस पोटं एक कशी होतील? कुणीतरी एकाच धडधाकट शेळीच्या लेंड्या तीस डब्यांत वाटल्या होत्या. धाकटीच्या डोळ्यांपुढे दाजी आले. तसे सरळ, पण कळपाच्या नावाला फार जपणारे. "तपासणी मागितल्याचं श्रेयही घ्यायचं आणि डागही लागू द्यायचा नाही," ती मनात म्हणाली. आपली मेहुणी या प्रयोगशाळेत आहे, ती खपवून घेईल, असंही त्यांना वाटलं असेल. हे तिला जास्त झोंबलं.

शनिवारी सकाळी ती न कळवता गेली. दाजी पाण्याची टाकी घासत होते.

"दाजी, लेंड्या कुणी भरल्या?"

"मीच भरणार होतो, पण पाठ धरली होती. मी नुसत्या सह्या केल्या. ताईने भरल्या तुझ्या. का गं, काही निघालं का?"

त्यांच्या चेहऱ्यावर लपवाछपवीचा मागमूस नव्हता. धाकटी ओशाळली. आठवडाभर तिने भलत्याच माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं.

थोरली गोठ्याच्या कोपऱ्यात होती. तिच्याजवळ एक पांढरी शेळी उभी होती, बरगड्या मोजाव्यात इतकी वाळलेली.

"हिची आई मेली तेव्हा ही मुठीएवढी होती. बाटलीने पाजलंय मी तिला," थोरली मागे न बघताच म्हणाली. "तुझ्या कागदावर तिचं नाव आलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तिला नेलं असतं. कळत होतं मला. तिच्या लेंड्या भरायला हात धजला नाही, म्हणून एकाच धडधाकट शेळीच्या सगळीकडे भरल्या."

"आणि बाकीच्या एकोणतीस?"

थोरली पांढरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"पिल्लं हिच्याच लेंड्यांत तोंड घालतात, तेच तोंड आचळाला लावतात. एकीला वाचवायला निघालीस आणि सगळ्यांना रोगाच्या घशात घातलंस, ताई."

"तू आता मला शिकव," थोरली फणकारली. मग तिने पांढरीला पुढे ओढलं. "भर डब्या. मी पकडते एकेकीला."

हातमोजे घालून धाकटीने दुपारपर्यंत तीस डब्या स्वतः भरल्या. थोरली एकेक शेळी पुढे आणत होती.

सोमवारी यंत्राने तीस वेगळ्या रेघा काढल्या. त्यांतल्या तिघींत जंतूचा वास होता, पांढरी त्यांतलीच. धाकटीने खात्रीसाठी नळ्याही लावल्या, पण निकाल त्याच दिवशी कळवला. तिघी कळपातून गेल्या. पिल्लं नव्या जागेत हलवली. तीन महिन्यांनी नळ्यांत ठिपके आले, त्याच तिघींचे. यंत्रवाल्याला तिने पहिल्यांदा स्वतःहून चहा विचारला.

तिघी गेल्यापासून थोरली मात्र दोन महिने फोनवर आली नव्हती. आली तेव्हा ना राम राम, ना कशी आहेस.

"पिल्लं नव्या जागेत अंग धरतायत," ती म्हणाली. "पुढची तपासणी कधी? या वेळी डब्या तूच भर. माझा माझ्यावर भरवसा नाही."