किरिगामेचं धुकं

पत्त्यांवर चढवलेली प्लॅस्टिकची पाकिटं एकाच कडेनं झिजली होती. डाव्या बाजूला, वरून बोटभर खाली, प्रत्येक पाकीट किंचित दुधाळ झालं होतं. तिथं मिझुएचा अंगठा टेकत असे. इतरांची पाकिटं दोन्ही कडांनी झिजत, कारण डावाआधी समोरच्याचे पत्ते पिसून द्यायची रीत होती. मिझुएचे पत्ते दोन वर्षांत दुसऱ्या कुणी पिसले नव्हते.

जपानमधल्या तोयामा शहरातल्या त्या पत्त्यांच्या दुकानात ती दर शनिवारी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसे आणि दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळे. सरावासाठी असं बरेच जण खेळत; मग उठून कुणाशी तरी झुंजत. औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासणाऱ्या मिझुएचा सराव मात्र संपत नव्हता.

तिची सगळी गड्डी किरिगामेभोवती रचलेली होती. या खेळात प्रत्येक पत्त्यावर एक लढाऊ प्राणी असे; किरिगामे म्हणजे त्यांतलं पाठीतून धुकं सोडणारं कासव. त्याची करामत अशी, की आपण एक पत्ता पालथा ठेवायचा आणि समोरच्यानं त्याचा रंग ओळखायचा. चुकला, तर त्याचा प्राणी धुक्यात हरवला. पण दोन्ही हात आपलेच असले, तर ओळखणार कोण? मिझुए फासा टाकी. फाशाला संशय येत नाही, आणि तो चेहऱ्याकडेही बघत नाही.

आज गल्ल्यामागे सूचना लागली होती. जुन्या छापाचे पत्ते पुढच्या महिन्यापासून सामन्यांत चालणार नव्हते. दरवर्षी काही पत्ते असे बाद होत. या खेपेला त्यांत किरिगामे होतं.

"काय मिझुएसान, आज कोण जिंकलं?" काच पुसता पुसता दुकानदारीण हानावासाननं विचारलं. तिथं नावाला आदरानं ‘सान’ जोडत.

"मीच."

"आणि हरलं कोण?"

"तेही आमच्याच घरातलं."

हानावासान हसली. "बाद होण्याआधी त्या कासवाला एखादा खरा डाव तरी दाखवा. बिचारं न लढताच म्हातारं व्हायचं."

"बघू, पुढच्या आठवड्यात."

"तुमचा पुढचा आठवडा माझ्या वाणसामानासारखा. रोज आणायचा राहतो."

शेजारच्या टेबलावर त्सुकुदासानही एकटेच खेळत होते. बस चालवून निवृत्त झालेला माणूस. "ऊठ की आळशा, थांबा आला तुझा," असं ते आपल्या पालथ्या पडलेल्या सरड्याला म्हणत होते. मिझुएला हसू आलं, पण तिनं ते पत्त्यांआड ठेवलं. त्यांना विचारायचं वाक्य तिच्याजवळ गेल्या उन्हाळ्यापासून तयार होतं. नाही म्हणाले, तर शेजारच्या टेबलाशी बसणं अवघड होईल, आणि शनिवारी जायला तिला दुसरी जागा नव्हती. म्हणून ते वाक्य दर वेळी तिच्याबरोबर घरी परत जाई.

त्सुकुदासान पत्ते आवरू लागले. त्यांनी गळपट्टा गुंडाळला, छत्रीसाठी दाराकडे वळले. मिझुएनं फासा उचलून पिशवीत टाकला. आता तिच्यासमोर नुसतं कासव होतं, आणि पलीकडे रिकामी खुर्ची. ती उभी राहिली.

"त्सुकुदासान," ती म्हणाली, "माझ्याशी एक डाव खेळाल का?"