तीन देश आणि आमचा ओहळ

मी सावळाराम, आटगावपासून आत असलेल्या आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई. गावात काही बिघडलं की आधी माझं नाव निघतं. या वेळी ते बरोबरच निघालं.

पत्र आलं होतं. नॉर्वे, जपान आणि केनिया या तीन देशांची मंडळी मिळून ओहळाकाठचं प्लास्टिक मोजणार होती. हजार नगांच्या वर भरलं तर गावाला प्लास्टिक गोळा करायला शेड आणि गाडी. माझी बायको सुंदरा या शेडसाठी वर्षभर ग्रामसभेत भांडत होती. गेल्या वर्षी तिची म्हैस पोट फुगून मेली. डॉक्टरांनी पोट उघडलं तर आत प्लास्टिकचा हा एवढा गोळा. आता तिची पारडी त्याच ओहळावर चरते आणि सुंदरा दिवसभर तिच्यामागे तिचं तोंड धरायला फिरते.

आता पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस काय करतो? मी आदल्या दिवशी भोंग्यावर सांगितलं, "पाहुणे येतायत, आंगण, ओहळ सगळं झाडून घ्या." मोजणीचं सांगायचं ध्यानातच राहिलं नाही. गाव एरवी माझं ऐकत नाही, त्या दिवशी नेमकं ऐकलं. ओहळ पार चाळून काढला, निघालेलं सगळं पंचायतीच्या मागच्या खोलीत कोंबलं आणि वर मीच कुलूप घातलं.

पाहुणे आले तेव्हा ओहळात नुसतं पाणी आणि खेकडे. नॉर्वेच्या बाईंनी हात जोडले. वाशिंदची मिताली त्यांचं बोलणं मराठीत सांगायला आली होती. ती म्हणाली, "मॅडम म्हणतात, या गावाला शेडची गरजच नाही. आपण प्रमाणपत्र देऊ." सरपंच नामाभाऊंनी लगेच फोटोसाठी टोपी सरळ केली.

सुंदराने माझ्या कमरेची चावी ओढून काढली आणि खोलीचं दार उघडलं. आतला ढीग घसरून जपानी साहेबांच्या बुटांवर आला.

"हे आमचं दप्तर हाय," नामाभाऊ म्हणाले.

जपानी साहेबांनी एक तेलाची पिशवी उचलून नीट पाहिली. कुठे पडलं होतं ते कळल्याशिवाय नग धरता येत नाही, असा त्यांचा नियम. केनियाचे साहेब मात्र हसत सुटले. त्यांच्या गावीही मोजणीच्या आदल्या दिवशी त्यांच्या आईनेच नदीकाठ झाडला होता म्हणे. तोडही त्यांनीच काढली. ज्याने टाकलं त्याने कुठे टाकलं ते सांगावं, मग तो नग धरू.

बराच वेळ सगळं गाव आभाळाकडे बघत उभं. शेवटी गिरजाकाकू पुढे झाली. "ह्या शाम्पूच्या माझ्या. मोरीतनं वाहत जातात." मग धाऊने खताची गोणी कबूल केली. मग नामाभाऊंनी, मान खाली घालून, निवडणुकीतल्या पाण्याच्या बाटल्या. जेवणाच्या वेळेपर्यंत सातशे साठ नग झाले, आणि खाली उरला तंबाखूच्या हिरव्या पुड्यांचा ढीग. तीनशेच्या वर. त्यांना मालक मिळेना.

तीन वर्षांपूर्वी सुंदराच्या डोक्यावर हात ठेवून मी पुडी सोडली होती. ही हिरवी पुडी वाशिंदहून आणणारा गावात एकच माणूस आहे. गाव माझ्याकडे बघत होतं. सुंदरा पारडीकडे बघत होती.

"माझ्या," मी म्हणालो. "पंचायतीच्या मागल्या खिडकीतून ओहळात."

मितालीने ते इंग्रजीत सांगितलं. जपानी साहेबांनी माझं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं. तीन देशांच्या कागदावर माझी लबाडी चढली आणि गाव पोट धरून हसलं. मीही हसलो, कारण आता घरी काय ऐकावं लागेल ते मला ठाऊक होतं.

पण ती ओरडली नाही. पुड्या एकेक मोजून पोत्यात टाकत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हशीच्या पोटात पन ह्या हिरव्याच होत्या. तुमी कधी सांगता ते बघत होते."

शेड मिळाली. चावी सुंदराकडे असते. सकाळी पारडी सोडायच्या आधी मी ओहळ एकदा चालून येतो. मला कोणी सांगितलेलं नाही.