एड्ना आणि हेटीची टाकी

इंजिनाकडे सगळं जग बघतं. धुरांड्यासमोर उभं राहून आजोबा फोटो काढून घेतात, नातवंडंही काढून घेतात. मागच्या टेंडरकडे, म्हणजे कोळसा आणि पाणी वाहणाऱ्या त्या बिचाऱ्या गाड्याकडे, कुत्रंसुद्धा ढुंकून बघत नाही. सेल्विन हार्गेट मात्र चाळीस वर्षं फक्त टेंडरंच बघत आला होता. स्केलडेनच्या जुन्या रेल्वेवर हौसेने फुकट राबणाऱ्या मंडळींत त्याला त्यावरून बरंच ऐकून घ्यावं लागे. "सगळे नवरी बघतात, हा तिच्या ट्रंका मोजतो," असं अध्यक्ष लायोनेल क्रॅबट्री दर वार्षिक सभेत म्हणायचा, आणि लोक दर वर्षी नव्याने हसायचे.

सेल्विनला त्याचं काही वाटत नसे. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस, टवाळीला काय भिणार? त्याच्या घरी बुटांच्या बावीस खोक्यांत कार्डं होती. देशात उरलेल्या प्रत्येक टेंडरचं एक कार्ड. कुठल्या कारखान्यात बांधलं, कुणाकुणाच्या मागे धावलं, शेवटी कुठे पडलं. हे शोधणं सोपं नव्हतं, कारण टेंडर कधी एका इंजिनापाशी टिकत नाही. इंजिन दुरुस्तीला गेलं की त्याचं टेंडर सोडायचं आणि निघायच्या घाईत असलेल्या दुसऱ्या इंजिनाला जोडायचं, अशी कारखान्याची रीत. वाफेचे दिवस सरल्यावर तर त्यांची फारच परवड झाली. कुणाला बर्फ लोटायला जुंपलं, कुणाच्या पोटात गाळ भरला, बाकीची भट्टीत वितळली. सेल्विनचा नियम एकच होता: चाकं असतील तर ते टेंडर, आणि टेंडर असेल तर त्याचं कार्ड.

त्या वर्षी फेब्रुवारीत त्याला एक पत्र आलं. एड्ना ग्रीनहाल्ग नावाच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंचं. युद्धात पुरुष लढायला गेले तेव्हा एड्ना आणि तिची मैत्रीण हेटी टेंडरच्या कारखान्यात लागल्या होत्या. एड्ना चणीने लहान, म्हणून तिला टेंडरच्या पाण्याच्या टाकीच्या आत घालायचे. बाहेरून हेटीने लालभडक तापलेला रिव्हेट, म्हणजे पत्रे सांधणारा जाड खिळा, ठोकायचा आणि आतून एड्नाने लोखंडी ठोकळा त्याच्या डोक्याला टेकवून धरायचा. आत एवढा कल्लोळ की तोंडाने बोलण्याची सोय नाही. थांबायचं असलं की पत्र्यावर तीन टकटका. मुकादम म्हणाला होता, "पोरींनी केलेली टाकी! चाळणीसारखी गळेल." त्रेचाळीस सालच्या मे महिन्यात एक अख्खी टाकी या दोघींनी पहिल्या रिव्हेटपासून शेवटच्यापर्यंत केली. युद्ध संपलं आणि एका शुक्रवारी सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. कुठल्याही कागदावर दोघींचं नाव नाही.

"हेटी नाताळात गेली," शेवटी लिहिलं होतं. "मी जायच्या आधी मला ती टाकी बघायची आहे. असेल तर कळवा. नसेल तर तसं कळवा, मी काही रडत बसणार नाही."

सेल्विनने कार्ड काढलं आणि त्याच्या अंगावर काटाच आला. त्याच कारखान्याचं, त्रेचाळीसच्या मे महिन्यातलं, क्रमांक पाच हजार दोनशे सतरा. हे तर मंडळींचं स्वतःचं टेंडर! स्केलडेनच्या शेडमध्ये, चहाच्या टेबलापासून वीस पावलांवर उभं होतं. त्याने त्याच दिवशी उलट टपाली लिहिलं: "आहे. या."

मे महिन्यातला शनिवार ठरला. लायोनेलने स्थानिक वर्तमानपत्राचा फोटोवाला बोलावला. त्याआधीच्या गुरुवारी टाकी आतून जरा झाडून घ्यावी म्हणून सेल्विन, एकाहत्तर वर्षांचा माणूस, गुडघ्यांना शिव्या देत वरच्या झाकणातून आत उतरला. बॅटरी लावली आणि सांध्यांवरून फिरवली.

आत रिव्हेट नव्हतेच. सगळे सांधे वेल्डिंगचे होते. पन्नास सालापुढची टाकी होती ती, डोळे मिटूनही ओळखावी अशी. क्रमांकाची पितळी पाटी खालच्या सांगाड्यावर असते. वरची टाकी क्रेनने उचलून दुसरी ठेवली तरी पाटी आपली तीच. ही गोष्ट त्याने दुसऱ्यांना किती वेळा ऐकवली होती! पाटीवर जाऊ नका, टाकी तपासा. आणि स्वतः? बाईंचं पत्र वाचून हुरळला आणि पाटीवरच गेला.

"आता गप्प बस," लायोनेल म्हणाला. "म्हातारी येणार, हात लावणार, दोन आसवं गाळणार, घरी जाणार. तिला काय कळतंय?"

"मी तिला लिहिलंय, आहे म्हणून."

"मग आहेच म्हण! सेल्विन, तुझ्या त्या खोक्यांपायी एका बाईचा आनंद घालवू नकोस. त्यातून तिला फोन करून येऊ नको म्हणायचं असेल, तर तूच कर बाबा."

सेल्विनने दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला. आपला शब्द खोटा पडला हे सांगायची त्याला लाज वाटत होती, आणि खोटं बोलायची त्याहून जास्त. शनिवार उजाडला तरी त्याचं काहीच ठरलं नव्हतं.

एड्नाबाई मुलीच्या गाडीतून उतरल्या त्या नवा निळा कोट घालून. एवढीशी बाई, पण चाल खणखणीत. मुलगी पॉलीन सेल्विनला म्हणाली, "आईला ऐकू येत नाही हं. त्या कारखान्यानेच कान नेले. तोंडासमोर बोला, ओठांवरून सगळं कळतं तिला." लायोनेल तेव्हा फोटोवाल्याला कुठे उभं राहायचं ते शिकवत होता. त्याने हे ऐकलं नाही.

शेडमध्ये टेंडर घासूनपुसून ठेवलं होतं. एड्नाबाई त्याच्याभोवती हळूहळू फिरू लागल्या. सेल्विनचा चेहरा इंगळी डसल्यासारखा झालेला पाहून लायोनेलने त्याला पलीकडे ओढलं आणि पार तिकडून, कुजबुजत, पण तोंड नेमकं एड्नाबाईंकडे करून म्हणाला, "हे बघ, टाकी तिची नाही हे तिला सांगायचं नाही म्हणजे नाही. फोटो होईपर्यंत तरी तोंड बंद ठेव."

"का रे बाबा?" एड्नाबाई तिथूनच ओरडल्या. बहिऱ्या माणसांना आपला आवाज कळत नाही. सगळी शेड दचकली. "माझी नाही तर मग कुणाची आहे?"

लायोनेलचं तोंड बीटासारखं लाल झालं. चांगलं झालं! सेल्विन मात्र त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि एकेक शब्द सावकाश बोलला. "एड्नाबाई, चूक माझी आहे. सांगाडा त्या क्रमांकाचा आहे, टाकी नंतरची आहे. मला गुरुवारी कळलं. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. मला माफ करा."

एड्नाबाईंनी टेंडरच्या पत्र्यावरून तळहात फिरवला. "मला आल्याआल्याच कळलं," त्या म्हणाल्या. "अंग बघ कसं साबणाच्या वडीसारखं. आमच्या टाकीला नुसती बटणंच बटणं. तीन तास गाडीत बसून आले रे मी! फोन करायला काय झालं होतं? शाळेत पोरांना हेच शिकवलंस का?"

"नाही," सेल्विन म्हणाला.

"असू दे. चहा तरी पाज."

पॉलीन आईला न्यायला निघाली होती, पण चहा म्हटल्यावर बसली. आल्याचा केक कापला गेला. केक खाताखाता एड्नाबाईच सांगू लागल्या. "आमची असती ना, तर मी डोळे बांधूनसुद्धा ओळखली असती. डाव्या कोपऱ्यात, खालून तिसऱ्या ओळीत हेटीने भोक चुकीच्या जागी पाडलं. मुकादम बघेल म्हणून आम्ही त्यातही रिव्हेट ठोकला. दोन डोकी अशी चिकटून, मध्ये नख जाणार नाही. आम्ही त्यांना जुळी म्हणायचो. हेटी जाताना रोज त्यांना टपली मारून जायची."

सेल्विनच्या हातातला कप हातातच राहिला.

डावा कोपरा. खालून तिसरी ओळ. दोन डोकी इतकी चिकटून, की मध्ये ब्रश जात नाही आणि नेमका तिथेच गंज धरतो. दर पाच वर्षांनी तो त्या जागेला शिव्या घालत काडीला चिंधी गुंडाळून रंग भरायचा. सात वेळा भरला होता.

"चला," तो उठून म्हणाला. एड्नाबाई त्याच्या ओठांकडे बघत होत्या. "चहा राहू द्या. चला माझ्याबरोबर."

शेडच्या मागे गुडघाभर उंच विटांच्या कट्ट्यावर एक हिरवी टाकी होती, कधीतरी कुठल्याशा टेंडरवरून उतरवलेली. पंप लावून इंजिनाला पाणी पाजायचे ते याच टाकीतून. पस्तीस वर्षांपूर्वी सेल्विनने स्वतःच ती एका भंगारवाल्याकडून आणली होती. साठवणीची टाकी हवी होती, मिळाली, विषय संपला. तिला चाकं नव्हती, म्हणून तिचं कार्ड नव्हतं. सगळा देश पालथा घालणाऱ्या या शहाण्याचं असं झालं होतं: काखेत कळसा आणि गावाला वळसा.

डाव्या कोपऱ्याकडे त्याने नुसतं बोट केलं.

एड्नाबाईंनी हातमोजा काढला. खालून एक, दोन, तीन ओळी बोटांनी मोजल्या आणि बोट कोपऱ्याकडे सरकवत नेलं. मग ते थांबलं. हिरव्या रंगाच्या सात थरांखाली दोन डोकी एकमेकांना चिकटून होती. पॉलीनने आईचा दंड धरला. फोटोवाल्याने कॅमेरा उचलला आणि काय वाटलं कोण जाणे, खाली घेतला.

"पाणी आहे आत?" एड्नाबाईंनी विचारलं.

"काठोकाठ," सेल्विन म्हणाला. "तळाचा पत्रा गंजला होता, तो आम्ही अठ्ठ्याऐंशी साली बदलला. खोटं सांगणार नाही. पण चारी बाजू तुमच्याच आहेत. त्यांना कुणी हात लावला नाही."

"मी बाजूंचंच विचारते. गळते का?"

"पस्तीस वर्षांत नाही."

त्यांनी लायोनेलला बोटाने बोलावलं. तो आला, शाळेतल्या पोरासारखा. त्यांनी त्याचा पंजा धरला, सांध्याच्या खालच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला आणि उलटा करून बघितला. धुळीचा होता, पण कोरडा. "काय?" त्यांनी विचारलं.

"कोरडा आहे, बाई," लायोनेल म्हणाला.

"चाळणी म्हणाला होता तो मुकादम, मेला."

मग त्यांनी जुळ्यांवर एक टपली मारली, तळहात पत्र्यावर सपाट ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने तीनदा टकटक केलं. आतलं पाणी घुमलं. बाकीच्यांनी ते ऐकलं. एड्नाबाईंना ते हाताला लागलं असावं, कारण त्यांचे डोळे भरून आले.

"हेटी," त्या म्हणाल्या. हळूच म्हणाल्या असं त्यांना वाटलं असेल, पण पार फलाटावरच्या माणसांनी माना वळवल्या. "हेटी, अजून गळत नाही गं!"