दगडाखालचं पान

“एकतीस,” लुपे म्हणाली. “मामा, तूही मोज.”

तोगिआने मोजली नाहीत. वाटेच्या तोंडाशी, प्रवाळाच्या सपाट कट्ट्यावर नीरफणसाची पानं ओळीने मांडलेली होती, प्रत्येकावर एक दगड. कड्याखाली उतरणाऱ्याने पान ठेवायचं आणि वर आल्यावर उचलून टाकायचं, ही गावाची रीत. पान उरलं, तर माणूस खाली आहे. मग भरती असो की वादळ, वाट सांभाळणाऱ्याने शोधायला उतरायचं. निऊए बेटाच्या या टोकाला ते काम चौतीस वर्षं तोगिआकडे होतं. दोर बदलणं, पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडणं हे रोजचं. शोधायला उतरण्याची वेळ दोनदाच आली होती. त्यातल्या एका वेळी माणूस सापडला.

लुपे त्याच्या बहिणीची मुलगी. सरकारच्या पर्यटन आराखड्याचं काम तिच्याकडे होतं. बेटावरच्या कोणत्या वाटेला दिवसाला किती पाहुणे झेपतील, ते आकडे शुक्रवारी द्यायचे होते. आकडा वाट सांभाळणाऱ्यानेच सांगायचा, हे कलम तिनेच भांडून घालून घेतलं होतं. आज मामालाच आकडा विचारताना तिला ते जड जात होतं.

गावाला तीस हवे होते. तीस झेपतात हे दाखवायला गावप्रमुख हेकाऊ तीस माणसं घेऊन आला होता, वर एकतिसावा स्वतः.

तोगिआलाही तीसच हवे होते. त्याची मुलगी वाइओला अकरा वर्षं ऑकलंडला होती. दिवसाला तीस पाहुणे येणार असतील तर घरातल्या दोन खोल्या भाड्याने चालतील, मी नोकरी सोडून येते, असं तिने कळवलं होतं. तोगिआने खोल्यांना चुना लावून ठेवला होता. गेली त्या दिवशी तिने घराच्या उंबऱ्यापाशी एक पान ठेवून त्यावर दगड ठेवला होता. “मी अजून खाली आहे बरं का, बाबा,” असं थट्टेत म्हणाली होती. ते पान तोगिआ दर रविवारी चर्चला निघण्याआधी बदलत असे. गावात कोणी त्यावरून त्याला चिडवत नसे.

माणसं एकेक करून दोराला धरून वर येऊ लागली. हेकाऊ धापा टाकत आला.

“बघितलंस? हे पोट घेऊन आलो. पाहुण्यांना काय धाड भरलीय?”

“तुझं पोट दोराच्या ओळखीचं आहे,” तोगिआ म्हणाला. “त्यांची पोटं नवीन असतील.”

लोक हसत, पानं उचलत पांगले. शेवटच्या माणसामागून कोणीच आलं नाही. कट्ट्यावर एक पान उरलं.

“कोणाचं हे?” लुपेने विचारलं.

उरलेले एकमेकांकडे पाहू लागले. कोण वर आलं, कोण घरी गेलं, कोणालाच सांगता येईना. खाली भरतीचं पाणी खडकाच्या भेगांत शिरायला लागलं होतं. तोगिआने सदरा काढला.

“मामा, थांब. आधी घरोघर विचारून येऊ.”

“तुम्ही विचारा. मी उतरतो.”

खाली पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. प्रत्येक डोहापाशी थांबून, दोन लाटांच्या मधल्या शांततेत तो हाका मारत राहिला. एका लाटेने त्याला खडकावर आपटलं आणि गुडघा फुटला. अर्ध्या तासाने वरून लुपेचा आवाज आला. “मामा, सापडला. वर ये.”

गावातला फुनाकी कट्ट्यावर उभा होता. ओठाला नारळाचं दूध लागलेलं.

“चुकलं रे, तोगिआ. एवढी पानं, एवढी गर्दी... वाटलं, उचललं. आणि घरी बायकोने नारळाच्या दुधातलं ताकिही केलं होतं, गरम.”

“चांगलं झालं होतं?”

“मीठ कमी होतं.”

तोगिआ हसला. खाली बसून त्याने गुडघ्याला रुमाल बांधला. “याआधी कधी पान विसरला होतास?”

“अठ्ठावन्न वर्षांत कधीच नाही.” फुनाकीने दगड बाजूला करून पान उचललं. ते तोगिआने त्याच्या हातातून घेतलं आणि खिशात घातलं.

“एकदा झालं, झालं,” हेकाऊ म्हणाला. “लुपे, तीस लिही.”

“मामा सांगेल ते लिहीन.” मग ती त्याच्याजवळ वाकली. “तू तीस म्हणालास तरी कोणी विचारणार नाही, मामा.”

तोगिआने रुमालाची गाठ घट्ट केली.

“खाली कोणाला शोधतोय तेच मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “सगळी आपलीच माणसं. सकाळी कोण कोण उतरलं ते आठवत होतो. बारा चेहरे आठवले, पुढे नुसता गोंधळ. बारा लिही.”

“बारा म्हणजे मग वाइओला...” हेकाऊ बोलता बोलता थांबला.

“माहीत आहे मला.”

हेकाऊने आपली काठी त्याच्यापुढे केली. “धर. उद्या आणून दे.”

संध्याकाळी वाइओलाचा फोन आला.

“बाबा, किती?”

“बारा.”

तिच्या मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता.

“बाकीचं लुपेने सांगितलं. तू त्यांना पाण्यात शोधत होतास, आणि फुनाकीकाका घरी जेवत होते?”

“मीठ कमी होतं म्हणे.”

ती खूप हसली.

“आकडा बरोबर आहे, बाबा,” ती म्हणाली. “गुडघ्याला काय लावलंस?”

“खोबरेल.”

“बरं. रविवारी करते फोन.”

रविवार यायला चार दिवस होते. तरी तोगिआ गुडघा लांब करून उंबऱ्यापाशी बसला. त्याने दगड उचलला, सुकलेलं पान काढलं आणि खिशातलं, अजून हिरवं असलेलं पान तिथे ठेवलं. हाताने ते सपाट केलं. मग त्यावर दगड ठेवला.