मालकाची सही

फ्रेमवाल्याने कराच्या नोटिसा न उघडताच काचांमागे सारल्या होत्या. शेवटी वैतागून त्याची बायको एकटीच कर कार्यालयात गेली.

"मूळ कर थोडाच आहे, बाकी सगळा दंड," तिथले साहेब म्हणाले. "हप्ते बांधून देतो, पुढचा दंडही थांबेल. पण अर्जावर मालकाने इथे येऊन सही करायची."

तिने दुकानात येऊन हे सांगितलं, तर नवरा काच कापता कापता म्हणाला, "गिऱ्हाइकं सोडून कसा येऊ?"

दुकानात चिटपाखरू नव्हतं. तिने त्याच्या हातातली काच काढून ठेवली, शटर ओढलं आणि त्याला घेऊन गेली.

सही झाली, हप्ते मिळाले.

बाहेर पडताना तो म्हणाला, "बघ, मी आलो म्हणून काम झालं."

ती दातओठ खात पुढे चालू लागली.