सिद्ध कॅमेऱ्यातली पांढरी बाई

"व्यंकट, तुझ्या अंगणातली करडी शेळी सुटलीय. तुळशीपाशी उभी हाय बघ. पाला खातीय."

गौरीशंकर महाराज डोळे मिटून एवढंच बोलले आणि पारावर जमलेलं अख्खं गाव व्यंकटकडं बघायला लागलं. व्यंकटनं घरी फोन लावला, स्पीकर चालू केला. पलीकडून त्याची बायको ओरडली, "आवं व्हय की! मेलीनं तुळशीला तोंड लावलंय! तुमाला तिथं बसून कसं कळलं?"

झालं! बायकांनी पदर डोक्यावर ओढले, बाप्ये पाया पडायला धावले. एकानं तर महाराजांच्या चपला डोक्यावर घेतल्या. मी शाळा सुटल्यावर घरी निघाले होते, ती स्कूटी बाजूला लावून मागं उभी राहिले. मला काही देव दिसला नाही. मला दिसली पारामागं उभी असलेली महाराजांची जीप. आत चेला मोबाईलात तोंड घालून बसला होता आणि ओठ हलवत होता. इकडं महाराज जटांखालचा डावा कान सारखा चाचपत होते.

मी पौर्णिमा. लोहाऱ्याहून रोज गुंजेवाडीला येते आणि तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं आई म्हणते. त्या दिवशी तो शेंड्यावरून पार डोक्यात गेला होता.

सुरुवात झाली ती चोऱ्यांपासून. गावात आधी विहिरीवरच्या मोटारींच्या केबली गेल्या, मग शेळ्या जायला लागल्या. लोकांनी कॅमेरे बसवायचं मनावर घेतलं. चांगली गोष्ट होती. व्यंकट माझ्याकडं आला, "मॅडम, कोणता घेऊ?" मी त्याला नीट समजावून सांगितलं. अंधारात कसं दिसतं ते दुकानातच बघून घे. चित्रण आपल्याच घरात साठलं पाहिजे. आणि पासवर्ड स्वतः टाक, बसवणाऱ्यालासुद्धा सांगू नको. त्यानं मान डोलावली, चहा पिला आणि जाऊन महाराजांकडून सिद्ध कॅमेरा घेऊन आला.

सिद्ध म्हणजे काय? बाजारातलाच साधा कॅमेरा. त्याला वरून भगवा रंग फासलेला आणि पोटावर यंत्राचं स्टिकर. पण महाराजांचं तोंड काय चालायचं! "भक्तहो, दुकानातला कॅमेरा नुसता माणूस पकडतो. आपला माणूसबी पकडतो अन् हवाबी पकडतो! भूत, पिशाच्च, भानामती, करणी, समदं एकदम क्लियर! त्यांच्या मालाला वॉरंटी कंपनीची, आपल्याला वॉरंटी देवीची!" गुंजेवाडीचे लोक भाजीवालीकडं वांगी दहादा उलटून बघतात, पण हा कॅमेरा कुणी हातात घेऊनसुद्धा बघितला नाही.

कॅमेऱ्याला पथ्यंही होती. दिवेलागणीला अंगणातला बल्ब बंद करायचा, कारण देवीच्या डोळ्याला बाहेरचा उजेड सोसत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं कॅमेऱ्याखाली उदाचं धुपाटणं ठेवायचं आणि डोळ्याला तेलात कालवलेलं कुंकू लावायचं. पुढं आणखी एक गुप्त विधी होता, तो महाराजांनी व्यंकटच्या आईच्या, मथुराबाईंच्या, कानातच सांगितला. कुणाजवळ बोललं तर घर बसेल, असा धाकही घातला. आणि पासवर्ड? तो म्हणे बीजमंत्र. तो फक्त महाराजांपाशी राहणार.

मग एक दिवस महाराजांकडून व्यंकटच्या मोबाईलवर चित्रण आलं. तेच त्या दिवशी पारावर सगळ्यांना दाखवलं जात होतं. अंधारं अंगण. समोर शेजारची भिंत. पांढरंफेक लुगडं नेसलेली एक बाई त्या भिंतीकडं चाललीय. तिच्याभोवती मोकळ्या केसांसारखं काहीतरी पांढरं भुरभुरतंय. तिनं मागं वळून बघितलं तर चेहरा नाहीच, नुसता फुटलेला उजेड आणि त्यात दोन चमकणारे डोळे. चित्रण तेवढ्यावरच तोडलेलं.

"रात्री बाराची येळ हाय ही," महाराज म्हणाले. "आता सांगा, ह्या भिताडापल्याड कोण ऱ्हातं?"

सगळ्यांना ठाऊक होतं. भिंतीपलीकडं धुरपदाबाई राहते. विधवा, एकटी. शाळेत पोरांची खिचडी शिजवते. अर्धं गाव तिच्या हातचं खाऊन मोठं झालंय.

"तरीच!" कुणीतरी बोललं. "तरीच माझ्या पोराचं पोट दुखतंय!"

"उद्या तिनं गाव सोडलं पायजे," महाराजांनी चिमटा वाजवला. "न्हाय तर पोराबाळांवर येईल."

आणि मथुराबाई, ज्यांच्या बाळंतपणात धुरपदाबाई रात्रंदिवस राबली होती, त्याच सगळ्यात आधी उठून म्हणाल्या, "आजपास्नं माझी नात तिच्या हातचं खाणार न्हाय. हाकला तिला!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडून उपयोग नव्हता. मी व्यंकटकडून ते चित्रण माझ्या मोबाईलवर मागून घेतलं आणि थेट धुरपदाबाईकडं गेले.

ती चुलीपुढं बसली होती. चूल थंड होती.

"मावशी, कळलं ना सगळं?"

"कळलं. सरपंच सांगून गेला, उद्या शाळंत येऊ नकु म्हणून." तिचा आवाज कोरडा होता. "मॅडम, करणी म्या करतीय व्हय? आवं, माझ्यावरच कोण तरी करतंय! या, दावते."

तिनं मला मागं भिंतीपाशी नेलं. भिंतीच्या एका खिंडारातून पलीकडचं अंगण दिसत होतं. त्या खिंडारात लिंबं पडली होती. काही वाळलेली, काही कुजलेली, एक ताजं. प्रत्येकाला टाचण्या टोचलेल्या.

"रोज दिवेलागणीला एक येतंय. म्या भिऊन हात लावना. बाहीर बगायचंबी भ्या वाटतंय."

मी तिथंच उभी राहून ते चित्रण पुन्हा पुन्हा बघितलं. चेहरा सोडून दिला, नुसती चाल बघितली. पांढरी बाई डाव्या गुडघ्यावर लचकत चालत होती. धुरपदाबाई तर ताठ चालते. डाव्या गुडघ्यावर लचकत चालणारी बाई भिंतीच्या पलीकडं, व्यंकटच्या घरात राहत होती. आणि दिवेलागणीला तिथं बल्ब बंद असतो, ऊद जळत असतो. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला, आणि हसावं की कपाळ बडवावं तेच कळेना.

येताना व्यंकटला गाठलं. त्याला भुताबद्दल चकार शब्द बोलले नाही. एवढंच विचारलं, "कॅमेऱ्याचा पासवर्ड कुणाकडं आहे?"

"महाराजांकडं."

"तुझी न्हाणी अंगणात आहे. तुझी बायको न्हाऊन ओल्या केसांनी बाहेर येते, ते कोण बघतं मग?"

 त्याची कानशिलं तांबडी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतः शिडी लावून कॅमेरा उतरवला आणि पिशवीत घालून माझ्या हातात दिला. धुरपदाबाईला काढायचंच असेल तर ती जिथं काम करते तिथंच फैसला होऊ द्या, असा निरोप मी महाराजांना धाडला. महाराज खुशीत आले. गर्दी कुठंही असली तरी त्यांना चालायची.

शाळेच्या मोठ्या वर्गात गाव दाटीवाटीनं बसलं. धुरपदाबाई दाराशी उभी होती, तिच्याजवळ कुणी फिरकत नव्हतं. मी हात जोडून विचारलं, "महाराज, एक कृपा करा. आत्ता या घटकेला व्यंकटच्या अंगणात काय चाललंय?"

महाराजांनी डोळे मिटले. कान चाचपला. पुन्हा चाचपला. कपाळावर घाम आला. "शेळी... शेळी तुळशीपाशी... अन् एक बाई जात्यावर बसलीय."

"जातं?" व्यंकट उठून उभा राहिला. "आमच्यात जातं न्हाय, महाराज. अन् शेळी कालच मामाकडं धाडली."

"मायेचा पडदा आडवा येतोय, बेटा—"

"मायेचा नाही, पिशवीचा," मी म्हटलं आणि पिशवीतून तो भगवा कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. "तुमची दिव्यदृष्टी सकाळपासून माझ्याकडं आहे. ह्यातून तुमचा चेला जीपमध्ये बसून लोकांची अंगणं बघतो आणि जटांखाली लपवलेल्या यंत्रातून तुमच्या कानात सांगतो. आज त्याला अंधार दिसला, म्हणून तुम्हालाही अंधार दिसला."

वर्गात कुजबूज सुरू झाली. महाराज उसळले, "आन् ती बाई? ती बी खोटी काय? ताई, देवीशी खेळू नका!"

"बाई खरी आहे. दाखवते ना."

मी खिडक्या लावून घेतल्या, दार ओढलं, दिवे बंद केले. भरदुपारी वर्गात मिट्ट काळोख झाला. कॅमेऱ्याचं मागचं बटण दाबून महाराजांचा बीजमंत्र मी सकाळीच पुसून टाकला होता, काचेवरचं कुंकूही पुसलं होतं. आता चित्र शाळेच्या टीव्हीवर आलं. मी कॅमेऱ्यापुढं धुपाटणं धरलं आणि उदावर फुंकर मारली. टीव्हीवर पांढरे मोकळे केस भुरभुरायला लागले. पोरी किंचाळल्या. मग बोट कुंकवाच्या तेलात बुडवून काचेला लावलं. चित्रातला उजेड फुटून पसरला, समोर बसलेल्या सरपंचाचा चेहरा पुसला गेला आणि नुसते डोळे चमकायला लागले.

"हे झालं भूत," मी म्हटलं. "अंधारात हा कॅमेरा स्वतःचा उजेड टाकतो. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, त्याला दिसतो. जवळचा धूर त्या उजेडात पांढराफेक चमकतो. काचेवर तेल असलं की चित्र फाटतं. महाराजांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर बल्ब बंद आणि ऊद चालू! आता मथुराकाकू, तुम्ही या पुढं."

"म्या कशाला?" मथुराबाई घाबरल्या.

"या हो. घाबरू नका. तुमचं लुगडं कुठल्या रंगाचं?"

"गर्द हिरवं. नायलॉनचं. तुळजापुरातनं आणलंय."

त्या लचकत लचकत कॅमेऱ्यापुढं आल्या. टीव्हीकडं बघितलं मात्र, आणि सगळ्या वर्गाच्या तोंडून एकच आवाज निघाला. हिरव्या लुगड्यातल्या मथुराबाई पडद्यावर पांढऱ्याफेक लुगड्यात उभ्या होत्या. कितीतरी गडद नायलॉनची लुगडी ह्या उजेडात अशीच पांढरी दिसतात. माझी काळी ओढणी कॅमेऱ्यापुढं धरली तर तीही पांढरी.

"काकू, रोज दिवेलागणीला ऊद ठेवल्यावर तुम्ही कुठं जायच्या?"

"ते... सांगायचं न्हाय म्हणलेत."

"सांगा. नाहीतर आज त्या बाईचा संसार उठतोय."

मथुराबाई टीव्हीकडं बघत राहिल्या. त्यांची पांढरी सावलीही त्यांच्याकडं बघत होती. "भिताडापाशी लिंबू ठेवाया," त्या पुटपुटल्या. मग तोंडावर हात मारला. "आगं बया! म्हंजे ती बाई म्याच व्हय!"

मी दार उघडलं. डोळे चोळत सगळे एकमेकांकडं बघायला लागले. भूत पकडायचा विधी रोज व्हायचा, आणि त्या विधीचंच चित्र कापून, त्यावर रात्री बाराची थाप मारून, महाराज ते भूत म्हणून विकत होते. पुढचा धंदा म्हणजे त्या भुताचा बंदोबस्त.

महाराज दाराकडं सरकले तेव्हा लोक त्यांच्यावर धावले. काल ज्यांनी चपला डोक्यावर घेतल्या होत्या, त्यांच्याच हातात आज चपला होत्या. खरं सांगते, माझेही हात शिवशिवत होते. पण मी मध्ये पडले. "खबरदार! काल हेच हात ह्या बाईवर उठणार होते. विचार न करता हाणायची एवढी घाई कसली तुम्हाला? कायदा आहे, पोलीस येतील." पोलीस आले आणि महाराजांना घेऊन गेले, जीप गेली, चेलाही गेला. मी जबाब लिहून दिला आणि व्यंकटलाही द्यायला लावला.

तुम्हाला वाटेल, गोष्ट इथं संपली. माझा राग मात्र संपला नाही. लबाड माणूस येतो आणि जातो. पण एका चित्रणावरून, ते कुणी काढलं, कुठून कापलं, एवढंही न विचारता शेजारणीला चेटकीण ठरवणारं गाव जागच्या जागीच राहतं. कॅमेरा जरूर घ्या. काच फडक्यानं पुसा, तिला कुंकू लावू नका. पासवर्ड आपल्यापाशी ठेवा. आणि डोळ्यांनी काहीही बघितलं तरी हे कसं झालं असेल, हा एक प्रश्न स्वतःला विचारा. त्याला पैसा पडत नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत धुरपदाबाई नेहमीसारखी पातेल्यामागं उभी होती. पोरांच्या रांगेत नातीचा हात धरून मथुराबाई उभ्या. ताट त्यांच्याच हातात होतं आणि मान खाली.

"धुरपदे, चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

धुरपदाबाईनं पळी थांबवली. "वर बगा आधी."

मथुराबाईंनी वर बघितलं.

"नीट बगा. म्याच हाय ना?"

"व्हय गं."

"मग ताट पुढं करा," धुरपदाबाई म्हणाली आणि खिचडी वाढली.