उजेड आणि मग आवाज

ब्रिस्टलमधल्या एका बंद पडलेल्या छापखान्यात आम्ही घुसून राहत होतो, तेव्हाची ही गोष्ट. साल शहाऐंशी. आमच्या संगीताला लोक क्रस्ट, म्हणजे खपली, म्हणायचे. कपड्यांवर मळाची खपली धरलेली असायची म्हणून म्हणा, नाहीतर बास गिटारचा आवाज गंजलेल्या पत्र्यासारखा खरखरायचा म्हणून. बास मी वाजवायचो. ड्रम्सवर टिग. आणि गायला लोर्ना व्हाउल्स. गायला म्हणजे पोटातून गुरगुरायला. अणुबॉम्ब, कत्तलखाने, विषारी पाऊस, जगाचा शेवट, यापलीकडे तिची गाणी जायची नाहीत. शब्द मात्र कुणाला कळायचे नाहीत.

लोर्नाचे वडील डेस बसगाड्या दुरुस्त करायचे. दर रविवारी ते आमच्यासाठी रॉकेल घेऊन यायचे, कॅन दारात ठेवायचे आणि सराव संपेपर्यंत आपल्या मोटारीत बसून पेपर वाचायचे. आत कधी आले नाहीत.

त्या जानेवारीत मात्र थंडी अशी पडली, की ते आत येऊन शेगडीवर हात शेकत उभे राहिले. आम्ही ‘पांढरा उजेड’ वाजवत होतो. सुरुवातीलाच टिगचा दणका, त्यावर लोर्नाची किंकाळी.

गाणं संपल्यावर डेसनी मला विचारलं, “बर्नी, काय म्हणते रे ही?”

“तिलाच विचारा. मलाही निम्मं कळत नाही.”

लोर्ना फणकारली. “ऐकायचंय? ऐक. ‘उजेड फुटला, हाडं दिसली, आभाळ कोसळलं, राख उरली.’ झालं समाधान?”

डेसनी शेगडीवरचे हात मागे घेतले. मग म्हणाले, “तुमचं चुकतंय. आधी आवाज होत नाही.”

“म्हणजे?”

“उजेड येतो, आणि काहीच ऐकू येत नाही. चाचणीच्या वेळी बॉम्बकडे पाठ करून बसवलं होतं आम्हा सैनिकांना. डोळे मिटलेले, वर तळहात दाबलेले. तरी स्वतःच्या बोटांची हाडं दिसली मला. पाठीवर कुणी भट्टीचं दार उघडल्यासारखी धग. आणि सगळीकडे शांत. आवाज नंतर येतो.”

टिगच्या हातातली काठी खाली पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

“आई तर सांगायची, तू पॅसिफिकमध्ये बटाटे सोलत होतास,” लोर्ना म्हणाली.

“सोलत होतोच. उरलेल्या वेळात.”

“पाच वर्षं मी या बॉम्बच्या नावानं घसा फोडतेय, बाबा! आणि तू बाहेर गाडीत बसून फुटबॉलचे निकाल वाचत होतास?”

“बोलायचं नाही म्हणून सह्या घेतल्या होत्या आमच्या.” मग हळू आवाजात ते म्हणाले, “आणि तुझे शब्द मला कळतच नव्हते, पोरी.”

लोर्नाला हसू आलं की रडू, मला सांगता यायचं नाही. ती नाक पुसत टिगकडे वळली. “उजेड म्हटल्यावर थांबायचं. सगळ्यांनी.”

“थांबायचं? लोकांना वाटेल वीज गेली!”

“वाटू दे.”

“किती थांबायचं ते तरी सांग.”

तिनं वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, “संपलं सगळं, वाचलो, असं वाटण्याइतकं.”

पुढच्या महिन्यात एका पबच्या मागच्या खोलीत आमचा कार्यक्रम झाला. डेस कानात कापूस घालून दाराशी उभे होते. लोर्नानं ‘उजेड’ म्हणून हात वर केला आणि आम्ही थांबलो.

“अरे, प्लग निघाला!” कुणीतरी ओरडलं.

“बिल भरा बिल!”

हशा पिकला. पण लोर्नाचा हात वरच. हसणारे एकमेकांकडे बघू लागले. खोली गप्प झाली, इतकी की गिटारची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग तिनं हात खाली आणला. त्या दणक्यानं पुढच्या रांगेतली पोरं खरोखर दचकून मागे सरली.

गाणं संपलं तेव्हा दाराशी डेस नव्हते. बाहेर फुटपाथवर बसले होते. लोर्ना त्यांच्या अंगाला अंग लावून बसली. तिचा घसा पार बसला होता, त्यामुळे तेच बोलले. चाचणीच्या वेळी त्यांच्या शेजारी बसलेल्या रॉय क्लॅपबद्दल. फार विनोदी पोरगा. तिशीतच रक्ताच्या आजारानं गेला. त्याच्या बायकोला भेटायची हिंमत यांना कधी झाली नाही.

“माझ्यासमोर हे पुन्हा वाजवू नका,” उठताना ते म्हणाले. “पण वाजवा.”

उन्हाळ्यात त्यांना कळलं, की चाचणीच्या वेळी तिकडे असलेले जुने सैनिक एकत्र जमतायत. त्यांची मोटार बंद पडली होती, म्हणून लोर्नानं त्यांना आमच्या व्हॅनमधून नेलं. व्हॅनवर दोन्ही बाजूंनी कवट्या रंगवलेल्या.

“दारापर्यंत नको, कोपऱ्यावरच सोड,” ते म्हणाले.

आम्ही कोपऱ्यावर थांबलो. दुपार कलल्यावर डेस बाहेर आले ते चार जुन्या सोबत्यांना घेऊन. त्यातला एक काठी टेकत व्हॅनभोवती फिरला, कवट्या न्याहाळल्या आणि म्हणाला, “व्हाउल्स, ही तुझी पोरगी? मग आम्हाला स्टेशनपर्यंत सोडेल ना?”

“सोडेल की,” डेस म्हणाले, आणि स्वतःच मागचं दार उघडून आमची वाद्यं बाजूला सारू लागले.